धागा: एवढ्याशा जहागिरीला स्वतःची टांकसाळ?

कासलकर

मंडळी, नाणी हा माझा प्रांत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शनिवारी इथल्या जुन्या बाजारात (कासल, जर्मनी) एका आजोबांच्या टेबलावर तंबाखूचा पत्र्याचा डबा दिसला. आत अकरा बारकी नाणी. पंधरा युरो म्हणाले, बारावर आले. बायको म्हणाली, बारा युरोत आठवड्याची भाजी आली असती. असो.

घरी येऊन भिंग लावून बसलो. अकरापैकी चार-पाच बरी आहेत. एक नीट बघितलं ते सांगतो. आकार आपल्या जुन्या स्टीलच्या चार आण्यांएवढा, पण जाडी इतकी कमी की बोटाने वाकेल की काय अशी भीती वाटते. वजन दीड ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला ढाल, ढालीत दातेरी कडांचं काहीतरी, पान असावं. दुसऱ्या बाजूला गोळा, गोळ्यावर क्रूस, आणि गोळ्याच्या पोटात २४ हा आकडा. कडेने लॅटिन अक्षरं, त्यात 'रुडॉल' एवढं लागतं. पानाच्या बाजूला 'अर्न...' असं काहीतरी. साल झिजलंय, शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नाही.

आजोबा म्हणाले, ही सगळी 'छोट्या काउंट लोकांची' नाणी आहेत, तीनचारशे वर्षांपूर्वीची. त्यातल्या काहींचं राज्य म्हणे एक गढी, दोन गावं आणि थोडं जंगल.

माझे प्रश्न दोन. आपल्याकडे एखाद्या जहागीरदाराने स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं असतं तर ते सरळ बंड ठरलं असतं. मग यांना हे चाललं कसं? आणि दुसरा, या डब्यात एकही मोठं नाणं का नाही? सगळी चिल्लरच का?

बेरकी_बंडू

चिल्लर नाहीये, पुढे व्हा.

सायली_ब

वाचते आहे. फोटो टाका ना.

चिमटा_आणि_भिंग

कासलकर, पान ओळखलं. नेटलचं पान आहे. अंगाला लागलं की आग आग होते ते झाड. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना आग्या माहीत असेल, त्याच्याच कुळातलं. हे होल्स्टाइन-शाउम्बुर्ग घराण्याचं चिन्ह, आणि 'अर्न' म्हणजे काउंट अर्न्स्ट. तो गादीवर आला १६०१ मध्ये. 'रुडॉल' म्हणजे सम्राट दुसरा रुडॉल्फ, तो गेला १६१२ मध्ये. त्यामुळे शेवटचा आकडा ३ असो की ८, दोन्ही बसतं. तुमच्या घरापासून उत्तरेला वेझर नदीच्या अंगाने गेलात की रिंटेल्न, श्टाटहागन, ब्युकेबुर्ग लागतात, तो याचा मुलूख. या अर्न्स्टच्या ग्रोशनचं, म्हणजे असल्या बारक्या नाण्यांचं, पीक इतकं आलं होतं की आजही ते हमखास सापडतात, त्यामुळे करोडपती झालात असं समजू नका.

गोळा म्हणजे सम्राटाच्या हातातला राजगोल. त्यातला २४ म्हणजे 'असे चोवीस दिले की एक टालर'. टालर म्हणजे तिकडचं मोठं चांदीचं नाणं. म्हणजे नाण्याची किंमत नाण्यावरच, तीही सम्राटाच्या चिन्हाच्या पोटात.

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. पवित्र रोमन साम्राज्यात नाणं पाडायचा हक्क मुळात सम्राटाचा. तो त्याने शतकानुशतकं वाटला, विकला, गहाण टाकला. १३५६ च्या सुवर्णपत्राने (सम्राटाच्या फर्मानाने) सात निर्वाचक राजांना, म्हणजे सम्राट निवडणाऱ्यांना, तो कायमचा मिळाला, आणि बिशप, मठ, शहरं, काउंट यांना वेगवेगळ्या सनदांनी. थेट सम्राटाच्या हाताखालचा, मध्ये दुसरा धनी नाही, असा जो सरदार असेल त्याला हा हक्क म्हणजे मानाचं पान. अशी लहानमोठी संस्थानं तीनशेच्या वर होती. सगळ्यांकडे हक्क नव्हता, पण ज्यांच्याकडे होता त्यांची यादी काही लहान नाही.

नाना_फडफडीस

धागाकर्त्याने 'आपल्याकडे बंड ठरलं असतं' म्हटलंय ते अर्धंच खरं. शिवाजी महाराजांनी होन आणि शिवराई पाडली ती सार्वभौम राजा म्हणूनच, हे बरोबर. पण नंतर पेशवाईत पुणे, चांदवड वगैरे टांकसाळींतून जे रुपये निघाले त्यांवर नाव कोणाचं? दिल्लीच्या बादशहाचं. फारसीत. सत्ता शनिवारवाड्यात आणि नाण्यावर शाह आलम. तुमच्या काउंटने रुडॉल्फचं नाव टाकलं त्यात आणि यात मला फार फरक दिसत नाही. नाव वरच्याचं, नफा खालच्याचा.

चिमटा_आणि_भिंग

नाना, 'नाव वरच्याचं, नफा खालच्याचा' हे वाक्य ढापतोय. फक्त एक फरक. काउंटच्या नाण्यावर त्याचं स्वतःचं नाव आणि ढालही असते. बादशहाच्या नावाच्या रुपयावर मराठ्यांची खूण शोधायची तर अंकुश किंवा असलंच एखादं बारीक चिन्ह.

मोगरा

मला हे सगळं मिरवणं वाटतं. गावाला वेस नाही पण पाटलाला पालखी हवी. नाण्यावर नाव आलं की शेजारचा काउंट जळतो.

बेरकी_बंडू

+१. फ्लेक्स लावायची सोय नव्हती बिचाऱ्यांना.

श्वाबी_शेजारी

मोगराताई, मिरवणं होतंच. येव्हरची फ्राउलाइन मारिया घ्या. उत्तर समुद्राच्या काठावरची एवढीशी जहागीर, बाई अविवाहित, शेजारी पूर्व फ्रिसलंडचे काउंट टपून बसलेले. तिने टालर पाडला त्यावर सिंहांच्या गुहेतला डॅनियल. म्हणजे आजूबाजूला सिंह आहेत, पण देव माझ्या पाठीशी आहे. आता याला मिरवणं म्हणा की टोमणा. १५७५ मध्ये ती वारली तोवर शेजाऱ्यांना जहागीर काही गिळता आली नाही.

अवांतर: नावांवरून ओळखायला जाल तर रॉयस घराण्यात फसाल. तिथे प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिख. प्रत्येक. थोरली पाती शंभरापर्यंत आकडे मोजायची ठरवून बसलेली, धाकटी दर शतकाला पुन्हा एकपासून सुरू करायची.

सायली_ब

आई: हाइनरिख, जेवायला ये. आणि अख्खं घराणं ताटावर.

बेरकी_बंडू

हसून हसून पुरेवाट.

गुळवणी_सीए

माफ करा, पण मिरवायला कोणी चिल्लर पाडत नाही. मिरवायचं तर मोठं, चकचकीत टालर पाडेल, त्यावर स्वतःचा दाढीवाला चेहरा कोरेल. धागाकर्त्याचा दुसरा प्रश्नच खरा आहे, आणि त्याचं उत्तर हिशोबाच्या वहीत आहे.

बघा. तिकडच्या उत्तरेकडच्या हिशोबाने एक टालर म्हणजे चोवीस ग्रोशन आणि एक ग्रोशन म्हणजे बारा फेनिग. म्हणजे टालरभर चांदीचं एकच नाणं पाडलंत तर हातोड्याचा घाव एक. तेवढ्याच किमतीचे फेनिग पाडायचे तर घाव दोनशे अठ्ठ्याऐंशी. आणि नुसते घाव नाहीत. पत्रा ठोकून पातळ करा, तुकडे कापा, वजन करा, उजळा, मग ठसा. कारागिराची मजुरी, कोळसा, ठशांची झीज, सगळं दोनशे अठ्ठ्याऐंशी पट नाही तरी बरंच वाढतं.

आता कायदा काय म्हणत होता? साम्राज्याचे नाण्यांचे कायदे १५२४, १५५१ आणि १५५९ चे, पुढे १५६६ मध्ये टालरला अधिकृत मान्यता मिळाली. कोलोनच्या मार्क या वजनाचे, म्हणजे साधारण २३४ ग्रॅमचे, आठ टालर. यात लबाडीला जागा कमी, कारण व्यापारी प्रत्येक टालर तोलून घेई. पण चिल्लरीतही चांदी जवळपास पूर्ण भरा असाच आग्रह होता. म्हणजे इमानदारीने फेनिग पाडणारा प्रत्येक मार्कामागे तोट्यात. मग दोनच रस्ते. एक, चिल्लर पाडूच नका. दोन, चांदी थोडी कमी घाला. बहुतेकांनी दुसरा धरला, आणि 'थोडी' हा शब्द फार लवचिक असतो.

सीएच्या भाषेत: खालच्या किमतीच्या नाण्यावर तपासणी कमी आणि मार्जिन जास्त. म्हणून डब्यात चिल्लर.

मोगरा

पटलं. पालखी मागे घेते.

एक_वाटसरू

तपासणी कमी कशी? जर्मन लोक आणि तपासणी कमी?

गुळवणी_सीए

कागदावर कडक होती हो. प्रत्येक घाण्यातलं एक नाणं कुलूपबंद पेटीत टाकायचं, ती पेटी त्या प्रांतमंडळाच्या (साम्राज्यातल्या संस्थानांच्या प्रादेशिक गटाच्या) तपासणीच्या बैठकीत उघडायची, आणि तिथला वार्डाइन (आपला पोतदार म्हणा) वजन आणि कस तपासणार. १५७० मध्ये श्पायरच्या सभेत तर ठरलं की प्रत्येक मंडळात तीनचारच टांकसाळी चालतील, बाकीच्यांनी तिथेच नेऊन पाडावं. अपवाद फक्त ज्यांच्या स्वतःच्या चांदीच्या खाणी आहेत त्यांना.

यातून जे सुटले त्यांच्यासाठी जर्मनीत एक सुंदर शब्द आहे, त्याचा अर्थ 'कुंपणाआडची टांकसाळ'. एखादी गढी, एखादं रिकामं कोठार, मक्त्याने घेतलेला टांकसाळ्या, आणि रात्रंदिवस ठकठक. पेटीत चांगलं नाणं, पोत्यात दुसरं.

खडकी_ते_खाण

खाणीचा विषय निघालाच आहे तर माझा आवडता मुद्दा. मंडळी, डॉलर हा शब्द अशाच एका मधल्या फळीतल्या सरदारांकडून आलाय. बोहेमियातले (आजच्या चेक देशातले) श्लिक काउंट. त्यांच्या जमिनीत योआखिम्सटाल म्हणजे संत योआखिमच्या खोऱ्यात चांदी लागली आणि १५२० च्या सुमारास त्यांनी तिथलीच चांदी घेऊन मोठी नाणी पाडायला सुरुवात केली. 'योआखिम्सटालर' म्हणता म्हणता लोकांनी पुढचं गाळलं, राहिलं 'टालर', आणि पुढे डॉलर. श्टेफान श्लिक १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत मारला गेला आणि दोन वर्षांत राजा फर्डिनांडने त्यांचा नाणं पाडायचा हक्क काढून घेतला. इतका पैसा एका काउंटच्या घरात राहू देणारा राजा मी तरी पाहिलेला नाही.

याच गावच्या खाणीतल्या काळ्या दगडातून पुढे क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं. एका खोऱ्याने डॉलरही दिला आणि रेडियमही.

श्वाबी_शेजारी

उत्तम, पण श्लिकांचं उदाहरण इथे उलटं पडतं. त्यांच्याकडे चांदी होती म्हणून त्यांनी मोठं नाणं पाडलं. कासलकरांच्या डब्यातल्यांपैकी बहुतेकांकडे चांदीच नव्हती. बाजारातून विकत घ्यायची आणि नाणं करून खपवायची. चांदी विकत घेऊन टालर पाडला की हातात काहीच उरत नाही.

खाणवाले काउंटसुद्धा कर्जात बुडायचे, बरं का. मान्सफेल्ड घ्या. तांबं आणि चांदी दोन्ही त्यांच्या जमिनीत, मार्टिन ल्यूथरचे वडील तिथलेच तांबं गाळणारे. पण घराणं वाटण्या करत करत इतक्या पात्यांत फुटलं की १५७० मध्ये दिवाळं वाजून कारभार धनकोंच्या हातात गेला. तरी टालर मात्र झोकात. काउंट डेव्हिडच्या टालरवर संत जॉर्ज अजगराला मारतोय आणि 'देवापाशीच सल्ला आणि कृती' अशा अर्थाचं वाक्य. तीस वर्षांच्या युद्धात शिपाई तो गळ्यात ताईत म्हणून बांधायचे.

कासलकर

मंडळी, इतकी माहिती! पण एक अपघात झालाय, तो सांगतो.

आई तीन महिन्यांसाठी इथे आली आहे. काल मी ऑफिसात असताना तिला डबा दिसला. "किती काळी पडलीत रे, मी जरा घासून ठेवते." इथल्या भारतीय दुकानातली चिंच, मीठ, आणि काथ्या. पहिलंच नाणं घेतलं ते नेटलवालं नव्हे, त्याच्या शेजारचं, जरा गुबगुबीत आणि मागच्या बाजूने काळंकुट्ट. मी आलो तेव्हा ओट्यावर वाटीत लालसर पाणी आणि त्याशेजारी लख्ख तांब्याचं नाणं. मला म्हणते, "हे चांदीचं नव्हतंच. तुला फसवलं त्या म्हाताऱ्याने."

आजोबांनी खरंच फसवलं का?

चिमटा_आणि_भिंग

अरे देवा. नाणी घासू नयेत हे दर धाग्यात लिहूनही.

सायली_ब

काकूंना काही बोलू नका. तीन महिने आहेत अजून.

रसायनकाका

कासलकर, तुमच्या आईला माझा दंडवत सांगा. आजोबांनी फसवलेलं नाही. फसवलं ते चारशे वर्षांपूर्वीच्या टांकसाळ्याने, आणि गंमत अशी की त्याने ते जवळपास आईच्याच पदार्थांनी केलं.

नीट सांगतो. ज्या नाण्यात चांदी कमी आणि तांबं जास्त असतं ते ताजं कापल्यावर पिवळट-तांबूस दिसतं. असं नाणं बाजारात कोण घेणार? मग टांकसाळीत काय करत, तर कोरे तुकडे भट्टीत लाल होईतो तापवत. वरच्या थरातलं तांबं हवेने काळं पडतं, चांदी पडत नाही. मग ते तुकडे टार्टर आणि मीठ घातलेल्या पाण्यात उकळत. टार्टर म्हणजे दारूच्या पिंपांच्या आत जो खडा जमतो तो. हे आम्ल तांब्याची काळी साय विरघळवून टाकतं, आणि पृष्ठभागावर उरते चांदीची पांढरी, पातळ कातडी. मग ठसा मारला की वरून चांदी, आत तांबं. या कृतीला ते 'पांढरं उकळणं' म्हणत.

टार्टरमधलं आम्ल म्हणजे टार्टरिक आम्ल. तेच चिंचेत असतं. म्हणजे काकूंनी चिंच-मिठाच्या पाण्यात नाणं नुसतं बुडवून ठेवलं असतं तर टांकसाळ्याचंच काम पुढे गेलं असतं. घात केला काथ्याने. कातडी इतकी पातळ की दोन रट्ट्यांत गेली.

गुळवणी_सीए

रसायनकाका, हा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कासलकर

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबरच ओळखलं की." यावर बोलण्यासारखं काही नाही.

रसायनकाका, मग हे नाणं कधीचं असेल? साल ६२१ असं दिसतं, पहिला आकडा नाही. एका बाजूला हरीण आहे.

चिमटा_आणि_भिंग

हरीण म्हणजे श्टोलबेर्ग, हार्त्स डोंगरातले काउंट. आणि १६२१ म्हणजे ऐन धुमाळीतलं नाणं. या काळाला तिकडे 'किपर उंड विपर' म्हणतात. किपन म्हणजे तराजू कलवणं, विपन म्हणजे झुलवणं. लोक तराजू घेऊन बसायचे, जुनी जड नाणी वेगळी काढायची आणि टांकसाळीला विकायची. टांकसाळ ती वितळवून, तांबं मिसळून, पाचपट नवी पाडणार.

काळ साधारण १६१९ ते १६२३. तीस वर्षांचं युद्ध नुकतंच पेटलं होतं, प्रत्येकाला सैन्याला द्यायला पैसा हवा होता. कुंपणाआडच्या टांकसाळी आता राजरोस उभ्या राहिल्या. ब्राउनश्वाइगच्या मुलखात त्या डझनांनी निघाल्या. तांबं कमी पडलं तर लोकांच्या घरातले हंडे आणि कढया विकत घेऊन वितळवल्या. सुरुवातीला सामान्य माणसालाही मजा वाटली, जुन्या हंड्याला एवढा भाव!

मग टालरचा भाव चढत गेला. पूर्वी जो दीड गुल्डेनला (गुल्डेन हे तिकडचं हिशोबाचं माप) मिळायचा तो १६२२ पर्यंत बऱ्याच ठिकाणी दहा गुल्डेनपर्यंत गेला. बाजारवाला किपर नाणं घेईना. मेला कोण, तर ज्यांना ठरावीक पगार तोही चिल्लरीत मिळायचा ते. शाळामास्तर, पाद्री, मजूर. मॅग्डेबुर्गला १६२२ मध्ये दंगल उसळली. किपरांविरुद्ध चित्रांची पत्रकं छापली गेली, त्यांत सैतान तराजू धरून उभा.

नाना_फडफडीस

हंडे विकले आणि मग त्याच हंड्याचं तांबं पगारात परत आलं. वा.

एक_वाटसरू

म्हणजे सगळा दोष या फुटकळ काउंट लोकांचाच?

श्वाबी_शेजारी

नाही. हा माझा या धाग्यावरचा मुख्य आक्षेप आहे. छोट्यांच्या नावाने बोंब मारणं सोपं, तेव्हाही सोपं होतं. पण यात ड्यूक होते, सॅक्सनीचा निर्वाचक होता, आणि खुद्द सम्राट होता. १६२२ मध्ये प्रागमध्ये सम्राटाने बोहेमिया, मोराविया आणि ऑस्ट्रियाच्या टांकसाळी एका टोळक्याला मक्त्याने दिल्या. त्यात लिश्टेनश्टाइन आणि वालेनश्टाइन हे सरदार, सावकार हान्स दे विटे वगैरे मंडळी. एका मार्क चांदीचे एकोणऐंशी गुल्डेन काढायचे, असा करार. पूर्वीच्या मानाने हे कुठच्या कुठे. वर्षभरात बोहेमियाचं अर्थकारण बसलं आणि मक्तेदारांनी जप्त झालेल्या जहागिरी त्याच नाण्यांनी विकत घेतल्या. १६२३ च्या शेवटी सम्राटाने ती नाणी जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाला आणून सोडली.

श्टोलबेर्गच्या काउंटने हे केलं तर लबाडी. सम्राटाने केलं तर धोरण.

बेरकी_बंडू

२०१६ चा नोव्हेंबर आठवला. कोणी काही बोलू नका, धागा उडेल.

संपादक_मंडळ

बंडूशेठ, विषयावर राहा.

चिमटा_आणि_भिंग

श्वाबी, मान्य. पण छोट्यांनाही फार धुतल्या तांदळासारखं करू नका. दुसरी फेरी १६७० च्या दशकात आली तेव्हा नाव गाजलं ते एका छोट्याचंच, झाइन-विटगेनश्टाइनचा काउंट गुस्ताव. आता चिल्लर नव्हती, टालरच्या दोन-तृतीयांश किमतीची नाणी, त्यावर त्याचाच भरदार केसांचा मुखवटा. चांदी मात्र नावापुरती. सम्राटाने फर्मानं काढली, शेजाऱ्यांनी बंदी घातली, हा पाडतच राहिला. पुढे १६९३ मध्ये फ्रँकनच्या प्रांतमंडळाने चांगल्या नाण्यांवर साठ क्रॉयत्सरचा (क्रॉयत्सर ही तिकडची चिल्लर) छोटा शिक्का मारायला सुरुवात केली, म्हणजे लोकांना कळावं की हे घ्यायला हरकत नाही.

नाना_फडफडीस

हे तर आपल्या सराफांचं काम! जुन्या रुपयांवर बारीक बारीक ठोके दिसतात ते सराफांनी पारखून मारलेलेच. कस कमी असेल तर बट्टा कापून घ्यायचा. 'नावाला बट्टा लागला' आपण रोज म्हणतो, पण तो बट्टा मुळात रुपयावर लागायचा. माझ्या आजोळचं आडनाव पोतदार. गावातल्या खजिन्याचं नाणं पारखायचं काम आमच्याकडे, असं आजोबा सांगत. त्यांनी कधी नाणं घासलं नसावं, दाताखाली धरत असतील.

टांकसाळ_गल्ली

मुंबईकर म्हणून एक जोडतो. हा विषय आपल्या फोर्टपर्यंत येतो. मारिया थेरेसाचा टालर, १७८० सालचा. तो बारका नाही आणि काउंटचाही नाही, पण त्यावरची एस. एफ. ही दोन अक्षरं दक्षिण जर्मनीतल्या ग्युंत्सबुर्गच्या टांकसाळीतल्या अधिकाऱ्यांची, आणि ढालीत बुर्गाउ या चिमुकल्या मुलखाची खूण आहे. ती बाई १७८० मध्येच गेली, पण अरबस्तान आणि इथिओपियात लोकांना तेच नाणं हवं असायचं, त्यामुळे तेच साल घालून पुढे दीडदोनशे वर्षं पाडत राहिले. दुसऱ्या महायुद्धात १९४०-४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी हा टालर आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला. लाखोंनी. बलार्ड पियरला ये-जा करताना त्या दगडी खांबांकडे बघा, आत ऑस्ट्रियाची राणी पाडत होते.

खडकी_ते_खाण

ग्युंत्सबुर्गला आता लेगोलँड आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. टांकसाळीबद्दल विचारलं तर बायकोने हात धरून ओढत नेलं.

एक_वाटसरू

मूळ प्रश्नाकडे वळू का? गुळवणींचा हिशोब पटला, पण एक शंका. चिल्लर पाडणं म्हणजे नुसती लबाडी असं धरलं तर लोक ती घेत का होते? बाजारात पावाला, बिअरला, दाढीला टालर कोण देणार? सुटे पैसे कोणी तरी पाडायलाच हवे होते ना?

गुळवणी_सीए

बरोबर पकडलंत, माझ्याकडून ते राहिलं. मोठे राजे टालर पाडून मोकळे, सुट्याची ददात कायमचीच. ती भरून काढली ती याच छोट्यांनी. नाइलाज लोकांचा होता, त्या नाइलाजावर काउंटने थोडा जास्तच नफा घेतला. आपल्याकडे सुटे नाहीत म्हणून दुकानदार चॉकलेट हातावर ठेवतो, तसंच. फरक एवढाच की चॉकलेट निदान खाता येतं.

कासलकर

मग हे बघा, आता कळतंय. डब्यातला सगळ्यात बारका तुकडा मी बटण समजून बाजूला ठेवला होता. करंगळीच्या नखाएवढा, पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. एकाच बाजूला ठसा, मागे कोरा. आणि सपाट नाही, वाटीसारखा खोलगट. कडेला मण्यांची ओळ, मध्ये छोटी ढाल, ढालीवर एक अक्षर. ठसा जोरात मारल्यासारखा मागून उमटलाय.

चिमटा_आणि_भिंग

बटण नव्हे, फेनिग. याला तिकडे वाटीफेनिगच म्हणतात. ऱ्हाइनच्या बाजूला, फाल्त्स वगैरे भागात सोळाव्या शतकात यांचा सुळसुळाट होता. एका बाजूनेच ठोकायचा, म्हणजे एक ठसा वाचला. वाटीसारखा असल्यामुळे टेबलावरून नखाने उचलता येतो, सपाट असता तर चिकटून बसला असता. गुळवणींच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी घावांतला एक घाव हाच.

ढालीत काय आहे? गरुड? सिंह? अक्षर कुठलं?

कासलकर

ढालीचे दोन भाग आहेत, एका भागात चौकटी-चौकटी आणि दुसऱ्यात बहुतेक सिंह. अक्षर घासलं गेलंय. मी नाही घासलं, आईनेही नाही, आधीचंच आहे.

श्वाबी_शेजारी

चौकटी म्हणजे बहुधा बायर्नच्या (बव्हेरियाच्या) चौकडीच्या पट्ट्या, आणि सिंह फाल्त्सचा. म्हणजे हा काउंट नसून फाल्त्सचा कोणी तरी निघेल, निर्वाचक किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी. तुमच्या डब्यातला मोठ्या घरचा एकच, आणि तोच सगळ्यात बारका.

सायली_ब

आणि फोटो?

कासलकर

रविवारी टाकतो. सध्या डबा कपड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, हिवाळी जॅकेटांच्या मागे आहे. आईने सकाळी विचारलं, "उरलेली दहा कुठे ठेवलीस रे?"